सुवर्णसंयुगांच्या व्यापाराची पूर्वपीठिका

सोने गंजत नाही, हवेने काळवंडत नाही, साध्या अम्लाला दाद देत नाही, आणि शतकानुशतके जमिनीत पुरलेला हंडा उकरून काढला तर त्यातील मोहर ज्या तेजाने आत गेली त्याच तेजाने बाहेर येते; ह्याच गुणामुळे मनुष्याने त्याला संपत्तीचे प्रमाण ठरविले, आणि ह्याच गुणामुळे रसायनशास्त्रज्ञांनी दीर्घ काळ त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अशा ह्या उदासीन धातूचा अणू कर्बाच्या अणूशी सांधून, त्यापासून पांढरे स्फटिक तयार करून, ते काळ्या काचेच्या बाटलीत नायट्रोजनच्या आवरणाखाली बंद करून, शुद्धतेच्या दाखल्यासह प्रयोगशाळांना आणि कारखान्यांना पुरविण्याचा एक व्यापार आज जगात चालतो. त्याची हकीकत सामान्यतः रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक लहानसे उपप्रकरण म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती आधी मूस, तेजाब आणि तराजू सांभाळणाऱ्या लोकांची, म्हणजे सोने शुद्ध करणाऱ्यांची हकीकत आहे, आणि त्या बाजूने पाहिल्यावाचून ह्या व्यापाराची घडण नीट उमगत नाही.

शुद्धतेची पारख हा ह्या धंद्याचा पाया होय. आपल्याकडे सोन्याला दगडावर घासून, उमटलेल्या रेघेच्या रंगावरून त्याचा कस ठरविण्याची विद्या फार पुरातन आहे. अकबराच्या कारकीर्दीच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईने अकबरी’ लिहिली, तीत बादशाही टाकसाळीचा बंदोबस्त वर्णन करताना बारा अंशांपर्यंतच्या कसाची, म्हणजे ‘बाराबानी’ सोन्याची, आणि कसोटीसाठी ठेवलेल्या निरनिराळ्या कसांच्या शलाकांची माहिती विस्ताराने दिली आहे. इतकेच नव्हे तर टाकसाळीतील राख आणि धूळ धुऊन तिच्यातील सोन्याचांदीचे कण वेचणाऱ्या कामगारांचीही त्याने स्वतंत्र नोंद केली आहे. मराठी मुलखात गावगाड्यातील पोतदार वसुलाची नाणी पारखून घेई, आणि त्याने खरे म्हटलेले नाणे सरकारी खजिन्यात जमा होई. धातू सर्वांना दिसतो, परंतु त्याची शुद्धता दिसत नाही. म्हणून तिच्याबद्दल ज्याचा शब्द सर्वांना मान्य होईल असा एक मनुष्य व्यवहाराच्या मध्यभागी उभा करावा लागतो. बाटलीवर छापलेला नव्याण्णव टक्क्यांचा आकडा हा त्या पोतदाराच्या शब्दाचाच वंशज आहे.

पारखीनंतर शोधन. चांदी मिसळलेले सोने तेजाबात, म्हणजे नायट्रिक अम्लात, टाकले असता चांदी विरघळून जाते आणि सोने मागे राहते. मात्र सोन्याचे प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोहोचत नाही, म्हणून सोन्याच्या सुमारे तिप्पट चांदी मुद्दाम मिसळून, तो रस वितळवून, त्याचे दाणे पाडून मग ते तेजाबात उकळतात. ही क्रिया ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ती विसरता येणार नाही: तांबूस-पिवळा धूर वर चढतो, भांड्यातला दाणा आकसत जातो, आणि शेवटी तळाशी विटेच्या चुऱ्यासारखी तपकिरी, अगदी निस्तेज माती उरते, जिच्यात सोन्याचे कोणतेही लक्षण दिसत नाही. ती धुऊन, वाळवून, सवागी घालून मुशीत तापविली की मातकट रंग जाऊन पिवळा रस चकाकू लागतो. तेजाबात मिठाचे अम्ल मिसळले तर मात्र खुद्द सोनेच विरघळते. हे मिश्रण, ज्याला आपण अम्लराज म्हणतो, युरोपातील किमयागारांना सुमारे 1300 सालापर्यंत माहीत झाले होते. त्यात विरघळलेल्या सोन्याचे पिवळे द्रावण हेच पुढच्या सर्व सुवर्णसंयुगांचे मूळ भांडवल होय. सतराव्या शतकात त्या द्रावणापासून कथिलाच्या साहाय्याने एक गडद जांभळा रंग काढण्यात आला, त्याला आंद्रेआस कासियस ह्या वैद्याचे नाव मिळाले, आणि योहान कुंकेल ह्याने ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीच्या आश्रयाने सोन्याच्याच योगाने माणकासारखी लाल काच तयार केली. धातूरूप सोडून सोने अन्य रूपाने विकता येते, ही जाणीव व्यापारात प्रथम रंगाच्या वाटेने आली.

आता ज्या स्थळी ही जाणीव कारखान्याच्या रीतीने फळास आली, त्या माइसेन नगराकडे वळले पाहिजे. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. योहान फ्रीडरिश ब्योटगर हा 1682 साली जन्मलेला तरुण बर्लिनमध्ये एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी करीत असता, आपणास हीन धातूचे सोने करण्याची किमया साधली आहे अशी त्याची ख्याती पसरली. प्रशियाचा राजा त्याच्या मागे लागला, म्हणून 1701 साली तो सॅक्सनीत पळून गेला. परंतु सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस, ज्याला इतिहासाने ‘बलवान’ अशी पदवी दिली आहे, तोही तितकाच द्रव्यलोभी होता, आणि त्याने ह्या पाहुण्यास नजरकैदेत ठेवून सोने करण्याचा हुकूम फर्मावला. वर्षे गेली, खजिन्यातून खर्च होत राहिला, सोने काही निघेना. अखेर चिर्नहाउस ह्या विद्वानाच्या देखरेखीखाली ब्योटगरच्या भट्टीचा उपयोग मातीच्या प्रयोगांकडे वळविण्यात आला, आणि त्यातून 1708–09 च्या सुमारास चिनी मातीच्या पांढऱ्या, अर्धपारदर्शक भांड्यांचे, युरोपात तोवर अज्ञात असलेले रहस्य उलगडले. 1710 साली कारखाना स्थापन होऊन माइसेनच्या अल्ब्रेख्ट्सबुर्ग ह्या किल्ल्यात नेण्यात आला. रहस्य बाहेर जाऊ नये म्हणून किल्ल्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. तरीही ते दहा वर्षांच्या आत व्हिएन्नास पोहोचले. ब्योटगर 1719 साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी मरण पावला. त्याच्या आयुष्याची ही नासाडी वाचताना मन विषण्ण होते. कारण तो ठक होता असे मानले तरी त्याच्या हातून जे निर्माण झाले ते सोन्यापेक्षा कमी मोलाचे नव्हते, आणि त्याचे श्रेय भोगावयास त्याला फारशी स्वतंत्र वर्षे मिळाली नाहीत.

ह्याच कारखान्यात, ब्योटगरनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, हाइनरिश गॉटलोब क्यून हा रसायनज्ञ कामास होता. भांड्यांवर सोन्याची नक्षी काढण्याची तोवरची रीत कष्टाची होती. द्रावणातून खाली बसविलेली सोन्याची तपकिरी भुकटी तेलात कालवून कुंचल्याने लावावयाची, भांडे भाजावयाचे, आणि भट्टीतून निघालेला निस्तेज पिवळा पट्टा अकीकाच्या किंवा तशाच कठीण दगडाच्या टोकाने तासन्‌तास घासून चमकवावयाचा. इंग्लंडातील कारखान्यांत हे घासण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. सोन्याचा थर जाड लागे, म्हणजे माल महाग पडे, आणि मजुरी त्यावर चढे. क्यूनने 1830 च्या सुमारास ह्या दोन्ही अडचणींवर एकच तोड काढली. त्याने सोन्याचे अम्लद्रावण घेऊन त्याचा टर्पेंटाइनसारख्या तेलात शिजविलेल्या गंधकाशी संयोग घडविला. त्यातून जे दाट, तपकिरी, राळेचा आणि गंधकाचा उग्र वास असलेले तेल निघाले, त्यात सोने कणरूपाने तरंगत नव्हते, तर गंधकाच्या द्वारे सेंद्रिय द्रव्याशी जखडून पूर्णपणे विरघळलेले होते. कुंचला त्यात बुडवून काठावर रेघ ओढावी तर ती काकवीच्या रेघेसारखी मळकट दिसे. भांडे भट्टीत गेले, तेल आणि गंधक जळून उडाले, की त्याच जागी आरशासारखी लखलखीत सोनेरी रेघ उमटे, आणि तिला दगड लावण्याची गरजच उरत नसे. तो थर इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. पुढे ह्या तेलात ऱ्होडियमचा अत्यल्प अंश मिसळला जाऊ लागला. त्याच्याशिवाय हा पातळ पापुद्रा उष्णतेने फाटून सोन्याचे सूक्ष्म थेंब होतात आणि चकाकी नाहीशी होते.

काटेकोर रसायनज्ञ म्हणेल की येथे सोन्याचा संबंध गंधकाशी आहे, कर्बाशी प्रत्यक्ष नाही, म्हणून ह्याला कर्बधातू संयुग म्हणता येत नाही. आक्षेप बरोबर आहे. परंतु सेंद्रिय द्रव्यात बांधलेले सोने, त्यातील सोन्याचे शेकडा प्रमाण लिहून, बाटलीतून कारखान्यांना विकण्याची वहिवाट येथूनच सुरू झाली, आणि व्यापाराच्या इतिहासाला तेवढे पुरे आहे. माइसेनने हेही गुपित ठेवण्याचा प्रयत्न केला. तेही टिकले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये द्युतेर्त्र बंधूंनी तशाच द्रवाचे पेटंट घेतले, आणि मग हा माल पुरवावा कोणी, असा प्रश्न आला. उत्तर फ्रँकफुर्टमध्ये मिळाले. तेथे फ्रीडरिश अर्न्स्ट र्‍योस्लर हा 1843 पासून टाकसाळीच्या जोडीची सोने-चांदी वेगळी करण्याची शोधनशाळा चालवीत होता. 1871 मध्ये जर्मन राज्ये एक झाली, प्रत्येक संस्थानाची जुनी नाणी वितळवून नवा मार्क पाडावयाचा ठरला, आणि त्या अफाट कामासाठी 1873 साली ह्याच घराण्याच्या धंद्याची भागभांडवलाची कंपनी झाली. तीच पुढे देगुसा ह्या नावाने प्रसिद्धीस आली. नाणी वितळविण्याचे काम कधी तरी संपणारच होते. तेव्हा हाती असलेले सोने कोणकोणत्या रूपांत विकता येईल, ह्याचा शोध घेता घेता ह्या कंपनीने चिनी मातीच्या कारखान्यांसाठी द्रवरूप सोने करावयास घेतले. शोधकाचा रसायनज्ञ झाला तो असा.

त्याच सुमारास शोधनाची साधनेही बदलत होती. सिडनीच्या टाकसाळीतील मिलर ह्याने वितळलेल्या सोन्यातून क्लोरिन वायू सोडून अशुद्धी काढण्याची रीत 1867 मध्ये आणली, आणि हाम्बुर्गमध्ये एमिल वोलविल ह्याने 1874 मध्ये विद्युत्‌प्रवाहाने सोने एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर नेण्याची; पहिलीने शेकडा साडेनव्याण्णवची आणि दुसरीने 99.99 ची शुद्धता गाठता आली. एल्किंग्टन ह्याने बर्मिंगहॅममध्ये 1840 साली पेटंट घेतलेल्या सायनाइडच्या मुलाम्याने तर वजनाने शेकडा 68 सोने असलेले एक पांढरा क्षार बाजारात रूढ केला, आणि त्यात सोने कर्बाच्या अणूशीच जोडलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आजही घड्याळांपासून विजेच्या जोडण्यांपर्यंत सोन्याचे पाणी चढविण्याच्या कामी हाच क्षार चालतो.

सायनाइड वगळता, खऱ्या अर्थाने पहिले कर्बसुवर्ण संयुग 1907 साली इंग्लंडात झाले. ग्रीन्यार ह्या फ्रेंच रसायनज्ञाने 1900 मध्ये मॅग्नेशियमची जी अभिक्रिया प्रसिद्ध केली होती तिचा आधार घेऊन विल्यम जॅक्सन पोप आणि चार्ल्स स्टॅन्ली गिब्सन ह्यांनी सोन्याला दोन एथिल गट जोडले आणि रंगहीन स्फटिक मिळविले. पुढे तेवीस वर्षे हा विषय जवळजवळ पडून राहिला. 1930 मध्ये गिब्सनने तो पुन्हा हाती घेतला तेव्हा त्याचा सहकारी होता जॉन लायोनेल सिमन्सन, म्हणजे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकविलेले आणि 1914 साली कलकत्त्यास पहिले अधिवेशन भरविणाऱ्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले तेच सिमन्सन. हिंदुस्थानच्या विज्ञानसंस्थांच्या इतिहासात आदराने घेतले जाणारे हे नाव सुवर्णसंयुगांच्या ग्रंथसूचीत भेटते तेव्हा आनंद होतो.

वैद्यकाने ह्या काळात सोन्याचे निराळे क्षार घेतले. जर्मन जंतुशास्त्रज्ञ कोखने 1890 साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत सोन्याचे सायनाइड क्षयाच्या जंतूंची वाढ रोखते असे सांगितले, पण प्राण्यांवर त्याचा गुण आला नाही. फोरेस्तिए ह्या फ्रेंच वैद्याने 1929 पासून संधिवातावर दिलेल्या सुवर्णक्षारांच्या टोचण्या मात्र कित्येक दशके टिकल्या. आपल्या आयुर्वेदातील सुवर्णभस्माची परंपरा स्वतंत्र आहे, आणि तिची येथे ओझरत्या शब्दांत बोळवण करणे योग्य नव्हे.

आज ज्या संयुगांचा पुरवठा होतो त्यांतील एक जवळून पाहू. सोन्याच्या अणूच्या एका अंगास मेथिल गट आणि दुसऱ्या अंगास ट्रायफेनिलफॉस्फिन, अशी त्याची रचना. कोट्स आणि पार्किन ह्या रसायनज्ञांनी 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्ध सोने अम्लराजात विरघळवून, अम्ल घालवून, फॉस्फिनशी संयोग करून प्रथम पांढरे क्लोराइड करतात, आणि मग ओलावा वर्ज्य करून, नायट्रोजनखाली, क्लोरिनच्या जागी मेथिल बसवितात. जे स्फटिक निघतात ते दिसावयास साखरेसारखे पांढरे असतात. वजनाचा शेकडा साडेएकेचाळीस भाग सोने आहे, हे त्यांच्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही. त्यांच्यावर प्रकाश पडू द्यावयाचा नाही, ती थंडीत ठेवावयाची. हयगय झाली तर बाटलीच्या आतील काचेवर फिकट जांभळी झाक चढते, क्वचित सोनेरी आरसा धरतो. कासियसच्या काळी ज्या जांभळ्या रंगास मोल होते तोच येथे माल बिघडल्याची खूण ठरतो. सोने सर्वकाळ आपल्या धातुरूपाकडे परतू पाहते, आणि पुरवठादाराची सारी कला त्याला थोपवून धरण्यात आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? 1998 साली टेलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लुडविग्सहाफेनच्या बी.ए.एस.एफ. कंपनीत, ह्याच संयुगात किंचित अम्ल घालून अल्काइन ह्या कर्बसंयुगांवर अल्कोहोलची भर घालण्याची क्रिया घडविली, तेव्हा सोन्याच्या एका अणूने सुमारे लाखभर वेळा ते काम केले. त्यापूर्वी 1987 मध्ये जपानच्या हारुता ह्यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन शून्याखाली सत्तर अंशांवरही घडवितात हे दाखविले होते. ज्याला आळशी म्हणून बाजूस सारले तो धातू उत्प्रेरकांच्या पहिल्या पंक्तीत आला. आणि जो पदार्थ लाखात एक भाग घालावयाचा, त्यात चांदीचा किंवा क्लोराइडचा लेश राहिला तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे ठरविता येत नाही. म्हणून शुद्धतेचा दाखला येथे विक्रीची शोभा नसून मालाचा अविभाज्य अंश आहे.

ह्या व्यापाराचा जमाखर्च पाहिला म्हणजे माझे आरंभीचे म्हणणे पटेल. बाटलीची किंमत त्या दिवसाच्या सोन्याच्या भावावर चढते-उतरते. मोठे ग्राहक पुष्कळदा सोन्याची किंमत देतच नाहीत; ते आपले सोने पुरवठादाराकडे खात्यावर जमा ठेवतात, त्यातून संयुग करून घेतात, केवळ करणावळ भरतात, आणि वापरून झालेला अवशेष परत पाठवितात, ज्यातून सोने काढून ते पुन्हा खात्यावर चढविले जाते. आपल्या सोनाराशी आपल्या घरचा व्यवहार ह्याहून निराळा कोठे आहे? सोने गिऱ्हाइकाचे, घडणावळ सोनाराची, आणि घटीचा हिशेब दोघांच्या समक्ष. सोनाराच्या दुकानातील केरकचरा विकत घेऊन, जाळून, धुऊन त्यातील कण काढणारा झारेकरी, आणि झवेरी बाजाराच्या गल्ल्यांतील गटारांचा गाळ चाळणारी माणसे, ही ज्या अर्थशास्त्रावर जगतात तेच अर्थशास्त्र फ्रँकफुर्टच्या आणि लंडनच्या मोठ्या शोधनशाळांचे आहे. ज्याला अवशेषातून सोने परत काढता येते तोच हे संयुग परवडेल अशा दराने देऊ शकतो. म्हणूनच हा व्यापार निव्वळ रसायने विकणाऱ्यांपेक्षा शोधकांच्या हाती अधिक स्थिरावला.

आणि शोधकांची विद्या महाराष्ट्राला परकी नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, विटा ह्या अवर्षणग्रस्त टापूतील कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत. केरळापासून बंगालपर्यंत सराफ कट्ट्याच्या गावी, जुने दागिने आटवून, तेजाबाने शोधून, चोख सोन्याची लगड परत करणारा मनुष्य मराठी बोलणारा निघतो, हा अनुभव प्रवाशास वारंवार येतो. 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, 1968 मध्ये त्याचा कायदा झाला, आणि 1990 पर्यंत शुद्ध सोने बाळगण्यावर जी बंधने राहिली त्यांनी सोनारांच्या रोजीरोटीला धक्का दिला. ज्या वर्षांत युरोपातील शोधनशाळा उत्प्रेरकांकडे वळत होत्या त्या वर्षांत आपला शोधक शिधापत्रिकेप्रमाणे सोने मोजून घेत होता. ही संधी हुकल्याचे मला दुःख आहे.

ती कायमची गेली असे मात्र नाही. चीनमध्ये दगडी कोळशापासून काढलेल्या ॲसिटिलीनचे प्लॅस्टिकच्या कच्च्या मालात रूपांतर करण्यासाठी पाऱ्याचा उत्प्रेरक वापरीत. त्याच्या जागी सोने सरस ठरेल असे रसायनज्ञ ग्रॅहम हचिंग्स ह्यांनी 1985 मध्ये दाखविले, आणि पाऱ्याच्या वापरास आळा घालणारा मिनामाता करार 2013 साली झाल्यावर सोन्याचा उत्प्रेरक तेथील कारखान्यांत प्रत्यक्ष रुजू झाला. मुंबईची टाकसाळ, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि विट्याच्या गलाईवाल्यांचे पिढीजात हात, ही सर्व एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर आहेत. गलाईच्या घरांत जुन्या वह्या असतील, कसाचे, घटीचे, तेजाबाच्या मापाचे आकडे त्यांत मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेले असतील. ज्यांच्याकडे अशी दफ्तरे असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, एखाद्या इतिहास मंडळाच्या स्वाधीन करावीत, आणि घरातील एखाद्या मुलीला किंवा मुलाला रसायनशास्त्र शिकू द्यावे, एवढी विनंती.